अक्काचा आवाज

जळगाव स्टेशनाबाहेर आलो तेव्हा भूषण वांग्यांच्या पोत्याला टेकून उभा होता. नुकतंच उजाडलं होतं. चहाच्या गाड्यांभोवती कानाला मफलर गुंडाळलेली माणसं हात चोळत उभी होती, आणि डिसेंबरच्या त्या थंडीत भूषण मात्र अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून हसत होता. भूषण हा माझा चुलतभाऊ, पिंपळनेरच्या नानांचा मुलगा. तिथे त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मला आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीला, ईराला, त्याने पुण्याहून मुद्दाम जळगावमार्गे बोलावलं होतं. आम्हाला घेणं आणि भरताची वांगी घेणं, दोन्ही कामं एका फेरीत होणार होती.

"भरीत करायचं तर वांगं जळगावचंच पाहिजे, मिलिंद," तो पोतं गाडीत ढकलत म्हणाला. "आमच्याकडचं भाजलं की नुसतं पाणी सुटतं."

वांगी लांबट, फिकट हिरवी, एकेक हाताच्या पंजाहून मोठी. त्यांच्यावर सावद्याहून आलेला केळीचा अख्खा घड आडवा ठेवलेला. ईराने एवढी केळी एकत्र कधी पाहिली नव्हती. तिने त्या घडाचा फोटो काढून आईला पाठवला. माझी बायको परीक्षेच्या कामामुळे येऊ शकली नव्हती. येऊ शकली असती तर पुढचं कदाचित टळलं असतं. माझं कुठे जास्त होतंय हे तिला माझ्याआधी कळतं.

निमित्त होतं आमच्या घराण्याच्या संमेलनाचं. माझे वडील चार भावंडांतले शेवटचे. सर्वांत मोठी अक्का, मग सुरतला गेलेले काका, मग नाना, आणि मग माझे वडील, ज्यांना सगळे बापू म्हणत. सुरतचे काका आणि बापू आता नाहीत. त्यांची मुलं-नातवंडं सुरत, पुणे, नाशिक अशी पांगलेली. अक्काने दिवाळीपासून एकच धोशा लावला होता की सगळ्यांना एकदा एका पंगतीला बसलेलं बघायचंय. तिचं सासरही पिंपळनेरचंच. नवरा गेल्यावर ती नानांच्या शेजारच्या घरात एकटी राहते, पण जेवायला सगळ्यांच्यात असते.

एरंडोल मागे पडलं, पारोळा आलं. पारोळ्याच्या पुढे एका गतिरोधकावर गाडी आदळली, पोत्याचं तोंड सुटलं आणि वांगी सीटखाली, ईराच्या पायांत, पार माझ्या पिशवीपर्यंत गडगडली. गाडी बाजूला घेऊन आम्ही तिघं वांगी वेचत बसलो. दोन्ही बाजूंना वेचणी उरकलेली कपाशी उभी होती, काळपट, मधूनच एखादं पांढरं बोंड लटकलेलं. धुळ्याला शेवभाजी खाल्ली. तिखटजाळ रस्सा, वर जाड शेव. ईराचं नाक वाहायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने वाटी सोडली नाही. "मन्हा भाऊनी आंडेर शोभस," भूषण म्हणाला (माझ्या भावाची मुलगी शोभतेस). ईराने माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला.

ही अहिराणी. धुळे-जळगावच्या खेड्यांत बोलली जाते. माझे वडील फोनवर अक्काशी अहिराणी बोलत, पण आवाज बारीक करून, गॅलरीत जाऊन. घरात आमच्याशी कधीच नाही. त्यामुळे मला ती कळते थोडी, बोलता येते त्याहून थोडी. पण तिचा आवाज मला हुबेहूब काढता येतो. मला आवाज काढायची खोड आहे. बँकेत आमच्या साहेबांचा, सोसायटीत अध्यक्षांचा, लग्नात गुरुजींचा. लोक हसतात, पुन्हा कर म्हणतात, मी पुन्हा करतो. साक्रीपर्यंत मी भूषणला त्याच्याच गिऱ्हाइकांचे आवाज काढून हसवत होतो. रस्त्याच्या उजव्या हाताला दूर डोंगरांवर पवनचक्क्या फिरत होत्या, आणि साक्रीनंतर रस्ता वळला तशी हवा आणखी गार झाली.

पिंपळनेरला पोहोचलो तेव्हा अक्का ओट्यावर उभी होती. नऊवारी, डोक्यावर पदर, उंची माझ्या खांद्याइतकी. मी वाकायच्या आत तिने माझं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं.

"उना का भाऊ! कितला वाळी गया रे! पुनामा खावाले भेटस का नही?" (आलास का! किती वाळलास! पुण्यात खायला मिळतं की नाही?)

माझं पोट शर्टातून बाहेर येत होतं. सगळे हसले, अक्काही हसली. मग तिने ईराला जवळ ओढलं, तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "मन्हा बापूनी नात शे हाई. डोया दखा, डोया! बापूनाच शेतस." (माझ्या बापूची नात ही. डोळे बघा, बापूचेच आहेत.) बोलता बोलता तिचा आवाज चढत जातो आणि वाक्याच्या शेवटी एकदम खाली येतो. मी ते मनात टिपून घेतलं. तिचे डोळे भरले होते, हे मी टिपलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या खळ्यावर खेळ होते. खळं शेणाने सारवलेलं, एका कडेला मक्याच्या कणसांचा ढीग, दुसऱ्या कडेला कांद्याच्या रोपांचे वाफे. भूषणने भाड्याने ध्वनिक्षेपक आणला होता आणि निवेदन माझ्याकडे होतं. चमचा-लिंबू झालं. संगीत खुर्ची झाली, तीत नाना एका नातवाला मांडीवर घेऊन खाली बसले आणि खुर्चीचा पाय गेला. रस्सीखेच झाली, सुनांनी जावयांना ओढत वाफ्यात नेलं. पोरं चार गावांची, एकमेकांना फारशी न ओळखणारी, तासाभरात एकमेकांच्या पाठीवर बसायला लागली. सुरतच्या काकांची नात हेतल, बारा वर्षांची, गुजराती-हिंदी मिसळून बोलायची म्हणून पहिल्या रात्री एकटी बसली होती. लगोरीत तिचा नेम इतका चांगला निघाला की दोन्ही बाजू तिच्यासाठी भांडू लागल्या.

मग मी 'आवाज ओळखा' हा खेळ जाहीर केला. मी घरातल्या कुणाचाही आवाज काढायचा, पोरांनी ओळखायचं. आधी नाना काढले, चष्मा शोधत स्वतःशी पुटपुटणारे. नाना खुर्चीवर पोट धरून हसले. भूषण काढला, गिऱ्हाइकाला खत विकणारा. भूषणने टाळी दिली. पोरं ओरडली, "आणखी!"

मी रुमाल डोक्यावर घेतला.

"उना का भाऊ! कितला वाळी गया रे!"

सगळी पोरं एकदम ओरडली, "अक्काआजी!" हशा असा उसळला की झाडावरची पाखरं उडाली. तिथे थांबायला हवं होतं. खेळ संपला होता, पोरांनी ओळखलं होतं. पण हशा मला थांबू देत नाही. मी एका पोराचे गाल दोन्ही हातांत धरून ओढले, खोटंखोटं रडलो, कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग अक्का कधीच बोलली नव्हती असं तिच्या तोंडी घालायला लागलो. पुण्याच्या विजेच्या जिन्यावर घाबरून "माय वं" करणारी अक्का, पिझ्झ्याला 'जळेल भाकर' (करपलेली भाकरी) म्हणणारी अक्का. पुण्या-नाशिकची पोरं लोळत होती. ईरा सर्वांत पुढे, हसून हसून तिला उचकी लागली होती.

मोठ्यांच्या बाजूचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. मी रुमाल काढून वाकलो, टाळ्यांसाठी, तेव्हा अक्का दिसली. ती मक्याच्या ढिगाशेजारी बाजेवर बसली होती. हसत होती. फक्त तिने पदर ओढून तोंडावर धरला होता, आणि पदरामागून हसणारी माणसं डोळ्यांनीही हसतात. तिचे डोळे हसत नव्हते.

"छान काढतोस आवाज," ती नंतर मला म्हणाली. अगदी असंच, अहिराणी सोडून. शब्द न शब्द वेगवेगळा, सरळ, पुस्तकातल्यासारखा. मला वाटलं, गंमत करतेय.

दुपारी सगळे लाटीपाड्याच्या धरणावर गेलो. पाणी संथ, डोंगरांच्या कुशीत पसरलेलं, पलीकडच्या काठावर बगळ्यांची रांग. पोरांनी भाकऱ्या काढल्या (पाण्यावर चपटे दगड टप्पे घेत फेकणे), बायांनी डबे उघडले. फुनके आणि कढी होती. फुनके म्हणजे तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके, गरम कढीत कुस्करून खायचे. अक्का वाढत होती. ती हेतलच्या भावाजवळ आली आणि काही बोलायच्या आत तो पोरगा ओरडला, "कितला वाळी गया रे!" बाकीच्यांनी लगेच धरलं. "वाळी गया! वाळी गया!" एकाने स्वतःचे गाल ओढले, एकाने बोटं मोडली. त्यांना त्यात वाईट काही वाटत नव्हतं. त्यांना वाटत होतं, हा अक्काआजीबरोबर खेळायचा नवा खेळ आहे. मीच तर शिकवला होता.

अक्का मान हलवत पुढे गेली. माझ्या ताटाशी आली.

"तुला कढी पाहिजे का?" तिने विचारलं.

आता गंमत नव्हती हे मला कळलं. मी मान हलवली. तिने कढी वाढली आणि पुढे गेली. त्या दुपारभर मी तिच्याकडे लक्ष ठेवून होतो. ती सुनांशी हळू, दोन-दोन शब्दांत बोलत होती आणि पोरं जवळ आली की गप्प होत होती. आदल्या दिवशी तिचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

संध्याकाळी भूषण मला गोठ्यामागे घेऊन गेला. रागावलेला नव्हता, नुसता अडचणीत पडलेला दिसत होता. "उद्या भामेरच्या किल्ल्यावर अक्का गोष्ट सांगणार होती ना. आपलं मूळ गाव त्या डोंगराच्या पलीकडचं. किल्ल्याच्या दारात सगळ्या पोरांना बसवून सांगायची होती तिला. दिवाळीपासून तेच चाललं होतं तिचं. माझ्या बायकोला रोज सांगून बघायची, हे आधी घेऊ का ते आधी घेऊ."

"मग?"

"आता म्हणते, नको. म्हणते, मिलिंद सांगेल. त्याचं बोलणं पोरांना गोड लागतं."

"पण मला ती गोष्ट माहीतच नाही."

"मलाही अर्धीच माहीत आहे," भूषण म्हणाला. "बापूकाकांची आहे ना, म्हणून तू असतानाच सांगायची होती तिला."

भामेर साक्रीपासून जवळ आहे. गावात शिरतानाच जुन्या दरवाजाचे कोरीव खांब उभे दिसतात, त्यांच्या आजूबाजूला आजची घरं, दारात बांधलेल्या शेळ्या, वाळत घातलेल्या मिरच्या. वर डोंगर मधोमध कापल्यासारखा दिसतो. त्या खाचेतून पलीकडचं आकाश दिसतं, आणि कडेला कातळात कोरलेल्या खोल्या, काळ्या तोंडांच्या, ओळीने. कुणी कोरल्या, कशासाठी, याबद्दल गावात दोन माणसांनी आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. वर पाण्याची टाकी आहेत, आणि पठारावरून सगळीकडे पवनचक्क्या दिसतात असं वर जाऊन आलेल्यांनी सांगितलं. मी वर गेलो नाही.

अक्का गाडीतच बसली होती. गुडघे दुखतात म्हणाली. सगळे चढायला लागल्यावर मी परत फिरलो. ईरा हेतलचा हात धरून पुढे पळाली. गाडीचं दार उघडं होतं, अक्का पाय बाहेर सोडून बसली होती आणि त्या दरवाजाच्या खांबांकडे पाहत होती.

मी खाली जमिनीवरच बसलो. इतरांचे एवढे आवाज काढणारा मी, माझा स्वतःचा आवाज फुटेना.

"अक्का, माझं चुकलं."

"काय चुकलं?" ती म्हणाली. "हसण्यासारखं होतं. लोक हसले."

"तसं नव्हतं गं. मी मुद्दाम नाही केलं."

"मला माहीत आहे."

"मग माझ्याशी नेहमीसारखं बोल ना. असं नको बोलूस."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. "नेहमीसारखं म्हणजे कसं? तू काल बोललास तसं?"

एक शेळी येऊन गाडीच्या चाकाला अंग घासायला लागली. अक्काने तिला हात हलवून हाकललं. मग ती बोलली, आणि बोलता बोलता तिची जपून चाललेली मराठी सुटली. "तू हासना त्यानं काही नही रे. तू मन्हा भाऊना आंडोर, तू हासाव. पन त्या न्हाना न्हाना पोरे... त्या आते मन्हासंगे बोलतीन का? मी तोंड उघाडं का त्या हासतस." (तू हसलास त्याचं काही नाही. तू माझ्या भावाचा मुलगा, तू हसावंस. पण ती लहान पोरं आता माझ्याशी बोलतील का? मी तोंड उघडलं की ती हसतात.)

एवढं बोलून तिने पदराने तोंड पुसलं, जसं काही सांडलं असावं. आणि पुन्हा त्या सरळ, परक्या मराठीत म्हणाली, "जा वर. ईरा एकटी आहे."

मी गेलो नाही, पण तिथून उठलो. गावाच्या पारावर जाऊन बसलो, पोरं उतरेपर्यंत. ती धावत खाली आली, धुळीने माखलेली, आणि दरवाजाच्या खांबांशी फोटो काढून गाडीत चढली. गोष्ट कुणीच सांगितली नाही. काहीतरी व्हायचं राहिलं, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

शेवटच्या दिवशी शेतात भरीत होतं. तुरकाठ्यांच्या (तुरीची वाळलेली झाडं) जाळावर वांगी टाकली की आधी सालं तडतडतात, मग आत पाणी खदखदतं, आणि तो वास सगळ्या शिवारात पसरतो. सोललेली वांगी बडगीत (लाकडी परात) घालून भूषण आणि दोन जावई लाकडी दांडक्यांनी ठेचत होते. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून कडकडीत फोडणी. बाजूला चुलीवर नानांची सून कळण्याच्या भाकरी थापत होती (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या, काळसर). मी पुण्यात ही भाकरी आठवून आठवून सांगत असतो. त्या दिवशी तिची चव मला आठवत नाही.

कारण मी ठरवलं होतं की माफी मागायची, आणि चारचौघांत मागायची. चूक चारचौघांत केली होती. शिवाय ती अहिराणीत मागायची. पहाटेपासून मी वाक्यं जुळवत होतो. आज मागे वळून पाहताना वाटतं, तेव्हाही मी एक प्रयोगच बसवत होतो.

जेवणाआधी निरोपाचं बोलायला भूषणने माझ्याकडे ध्वनिक्षेपक दिला. मी उभा राहिलो. अक्का पोरांच्या रांगेमागे, लिंबाच्या झाडाखाली बसली होती.

"अक्का," मी म्हणालो, "मन्हं चुकनं."

पहिल्या ओळीतून कुणीतरी फिसकन हसलं.

"मी तुले हासाले नको व्हतं. माले माफ कर."

हशा झाला. मोठा, मोकळा, पोटभर. टाळ्या पडल्या. पोरांना वाटलं, मिलिंदकाका सुरू झाला. नाशिकची एक वहिनी डोळे पुसत म्हणाली, "अगदी हुबेहूब हो!" मी हात वर केला. "हासू नका. मी खरं बोलतोय." पण माझा आवाज चिरकला, आणि चिरकलेला आवाज आणखी विनोदी असतो. "हासू नका," मी पुन्हा म्हणालो, आणि ईरा, माझी मुलगी, टाळ्या वाजवत ओरडली, "बाबा, वाळी गया कर ना!"

मी तिथे उभा होतो. ध्वनिक्षेपक मी खाली घेतला. माझ्या तोंडून अहिराणी निघाली की ती चेष्टाच असते, अशी मी त्या सगळ्यांची खात्री करून दिली होती. अहिराणी खरं बोलायचीही भाषा असते, हे त्या पोरांना सांगायला माझ्याजवळ आता कुठलाच शब्द नव्हता. आणि अक्का समोर बसून दुसऱ्यांदा ते हसू ऐकत होती.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश, पोरांच्या मधून वाट काढत पुढे आली. मला वाटलं, रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बठ खाले," ती मला म्हणाली. हळू. मग वळून, तिच्या त्या जुन्या, रस्त्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात, "चाला रे, जेवाले चाला बठ्ठा! भरीत थंडं व्हई राह्यनं!" (चला रे, सगळे जेवायला चला! भरीत थंड होतंय!)

कुणी हसलं का, मी पाहिलं नाही. पोरं ताटांकडे पळाली. मी खाली बसलो.

जेवणं झाल्यावर पिशव्या भरायची गडबड सुरू झाली. लिंबाखाली अक्का एकटीच होती, आणि हेतल तिच्याजवळ जाऊन बसली. मी बांधावर चादरीची घडी करत होतो, बऱ्याच अंतरावर. हेतलने काहीतरी विचारलं, अक्काने थोडक्यात उत्तर दिलं. हेतल पुढे सरकली. मग अक्का बोलायला लागली. शब्द पोहोचत नव्हते, पण चढणारा आणि एकदम खाली येणारा तो सूर पोहोचत होता. मधून मधून हेतलचं "पछी? पछी शुं थयुं?" (मग? मग काय झालं?) ऐकू येत होतं, आणि त्यावर अक्काचं "मंग..." गुजराती आणि अहिराणी या जवळच्याच. हेतलची मराठी बिघडली म्हणून आम्ही सगळे हळहळत होतो. तिला अक्का कळत होती. ईराही जाऊन हेतलला टेकून बसली. मी जवळ जायला उठलो, चार पावलं टाकली, आणि थांबलो. मी गेलो असतो तर ती गप्प झाली असती.

निघताना अक्काच्या पाया पडलो. तिने पाठीवर हात ठेवला. गाल धरले नाहीत. "सावकाश जा," म्हणाली. ईराला मात्र तिने छातीशी घट्ट धरलं आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. ईराने मान डोलावली, जसं काही समजलं असावं.

आम्ही सटाण्यावरून नाशिकच्या एसटीने परतलो. डोंगर मागे गेले, द्राक्षांचे मांडव सुरू झाले. ईरा खिडकीशी बसली होती. तिने अचानक विचारलं, "बाबा, तू अक्काआजीला सॉरी म्हणालास ते खरं होतं का?"

"हो."

"मला वाटलं ॲक्टिंग." "मी पण हसले."

"असू दे."

"बाबा, आजोबा लहानपणी बोलायचेच नाहीत, माहितीये तुला?"

मला माहीत नव्हतं. मग ती गोष्ट मी बसमध्ये ऐकली. अक्काने अहिराणीत हेतलला सांगितलेली, हेतलने हिंदी-गुजरातीत ईराला सांगितलेली, आणि ईराने तिच्या इंग्रजी शाळेतल्या मराठीत मला.

माझे वडील चार-पाच वर्षांचे होईपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. गाव त्यांना मुका म्हणायचं. आई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात, म्हणून अक्काच त्यांना कडेवर घेऊन ज्वारीच्या राखणीला जायची. तीही तेव्हा लहानच. पिकातल्या मचाणासारख्या माळ्यावर बसून ती दिवसभर त्यांच्याशी बोलायची. हे पाखरू, हे कणीस, ही गोफण. त्यांची बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवायची, म्हणजे आवाज हाताला लागेल. आणि एक दिवस ते बोलले. आणि बोलायला लागले ते अगदी अक्कासारखे, तिच्याच सुरात, आणि मुलीसारखे. 'मी उनू' (मी आलो) म्हणायचं, तर ते 'मी उनी' (मी आले) म्हणायचे. दुसऱ्या कुणाचं बोलणं त्यांनी असं कानाशी ऐकलंच नव्हतं. गावातली पोरं त्यांच्या मागे 'उनी, उनी' करत फिरायची. तेव्हा अक्का ढेकळं घेऊन त्या पोरांच्या मागे धावायची.

"हेतल म्हणाली, अक्काआजीने एकाचं डोकंच फोडलं होतं," ईरा म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "बाबा, रडतोयस?"

"आजोबा पहिल्यांदा काय बोलले?" मी विचारलं. "पहिला शब्द?"

ईराने आठवून पाहिलं. "ते हेतलने विचारलंच नाही."

घरी पोहोचल्यावर मी नानांना फोन केला. सुखरूप आल्याचं सांगितलं आणि मग तेच विचारलं. नाना हसले. "मी तवय न्हाना व्हतू रे. माळावर त्या दोन्हीच राहेत. ते अक्कालेच ठाऊक शे. तिले इचार ना." (मी तेव्हा लहान होतो. माळ्यावर ती दोघंच असायची. ते अक्कालाच माहीत. तिला विचार ना.)

तिला विचार. किती सोपं सांगितलं त्यांनी. माझ्या बापाच्या तोंडून निघालेला पहिला शब्द या जगात आता एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो मी तिला कोणत्या तोंडाने विचारू, हे मला अजून कळलेलं नाही.